आमच्याकडेवाल्याची भिंत

ज्या वर्षी आमच्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाशी लागलं, त्या वर्षी आम्ही नवरा-बायको आपला मुलूख सोडून समुद्रकाठच्या एका परक्या शहरात राहायला गेलो. माझं वय सदुसष्ट, हिचं एकसष्ट. या वयात माणसं गल्लीसुद्धा बदलत नाहीत. आम्ही देश बदलला, आणि तोही जावयाच्या मोबाईलवर एक यादी वाचून.

निवृत्त माणसांनी कमी पैशात सुखानं राहावं अशा समुद्रकाठच्या दहा शहरांची ती यादी होती. हे शहर चौथं. 'उबदार हवा, शांत वस्ती, प्रेमळ शेजार' असं त्याच्यापुढे लिहिलं होतं. मी अक्षरं शिकलो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून. ती पाटीवर गिरवायची आणि मी तिच्या पाठीमागे बसून फरशीवर बोटानं. इतक्या उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाचा एक घोटाळा होतो. बाकीच्यांना लहानपणापासून सवय असते, छापलेलं थोडं खरं, थोडं खोटं असतं हे त्यांना कळतं. मला वाटायचं, एवढे कष्ट घेऊन कुणी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या पाठीवरचं, सगळं मी खरं मानत आलो. शहरही तसंच मानलं.

जाण्याचं कारण हिचा दमा. मी गवंडी. चाळीस वर्षं सिमेंटच्या इमारती बांधल्या. पहिली वीस वर्षं ही माझ्याच हाताखाली घमेली वाहत होती. सिमेंटची धूळ माझ्या अंगावर बसली, हिच्या छातीत. डॉक्टर म्हणाले होते, "थंडी टाळा, धूर टाळा, ओल टाळा. समुद्राकाठची उबदार हवा मिळाली तर फारच छान." त्या तीन गोष्टींतल्या दोन मी नीट लक्षात ठेवल्या.

लेकीला हे मुळीच पसंत नव्हतं. "आईला मी माझ्याकडे ठेवते," ती म्हणाली. तिचं घर चौथ्या मजल्यावर, दीड खोलीचं. पडदा लावून त्यामागे आईची खाट टाकायची तयारीही तिनं करून ठेवली होती.

"तिचं नवं लग्न," ही मला एकांतात म्हणाली, "त्यात एकदा मोडून जुळलेलं. आणि मी पडद्यामागे खोकत बसू? नको बाई. मला माझं दार पाहिजे. आपण उघडायचं, आपण लावायचं."

जन्मभर आम्ही चालू बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपटात राहिलो होतो. दुसऱ्यांची शेकडो दारं मी चौकटीत बसवली. हिच्या वाट्याला धड कडीचं एक दार आलं नव्हतं.

शेवटी तह झाला. तीन महिने. तीन महिन्यांनी लेक तिकडे येणार आणि स्वतःच्या कानांनी आईची छाती ऐकणार. खोकला कमी असेल तर आई तिथंच राहील. नसेल तर तिच्याबरोबर परत, पडद्यामागच्या खाटेवर, आणि त्यावर चर्चा नाही. परतीची दोन तिकिटं तिनं आधीच काढून ठेवली.

"एक माझं, एक आईचं," ती म्हणाली. "तुमचं नाही काढलं, बाबा. तुम्ही बसा तिकडं समुद्र बघत."

घर मिळालं ते मालकीणबाईंचं. त्या वर राहायच्या, आम्ही खाली. बाई जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या, आता विधवा. आवाज असा, की त्या जिन्यावरून बोलल्या तरी खाली बंदराच्या धक्क्यावरची माणसं वळून बघायची. त्यांना आपली भाषा येत होती. त्या शहरातल्या पुष्कळांना मोडकीतोडकी येत होती, कारण निम्मं शहर कधी ना कधी आपल्याकडे कामाला येऊन गेलेलं. त्यांची भाषा मला आजही धड येत नाही. तेव्हा इथं जो तो बोलेल तो आपल्याच भाषेत बोलेल, हे समजून घ्या.

खाली दोन खोल्या, मागे मोरी, आणि पुढे थेट गल्लीत उघडणारं हिरवं दार. गल्ली उतरत उतरत धक्क्याला जायची. वाटेत एक न्हावी, एक चाव्या करणारा, एक बर्फाचा कारखाना. पहिल्या दिवशी हिनं ते दार चार वेळा उघडलं आणि चार वेळा लावलं.

"कडी बिघडलीय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बघतेय."

मी मात्र आल्या दिवसापासून ते शहर सुधारायला घेतलं. न्हाव्याला सांगितलं, आमच्याकडे वस्तरा असा धरत नाहीत. त्यानं माझ्याच गळ्यावर वस्तरा ठेवून विचारलं, "मग कसा धरतात?" मी विषय बदलला. बर्फवाल्याला सांगितलं, आमच्याकडे लादी भुशात ठेवतात. राहण्याच्या परवान्यासाठी कचेरीत गेलो, तर तिथल्या कारकुनाला म्हणालो, "आमच्याकडे रांग डावीकडून लागते."

त्यानं मान वर न करता विचारलं, "मग तिकडेच का नाही लावलीत?"

पंधरा दिवसांत गल्लीनं माझं नाव ठेवलं, 'आमच्याकडेवाले'. पोस्टमनही त्याच नावानं हाक मारू लागला. हिला ते फार आवडलं. भाजी आणायला जाताना ती मला म्हणायची, "येताय का हो, आमच्याकडेवाले?" तिला पहिल्या आठवड्यातच चार बायका जोडल्या गेल्या होत्या. ती कुणाला काही शिकवत नव्हती, एवढीच तिची युक्ती.

आणि तिचा खोकला उतरत होता, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पहिले तीन आठवडे ती पहाटे न उठता झोपली. समुद्रावरचा वारा पुढच्या खोलीतून शिरून मोरीच्या खिडकीतून निघून जायचा. यादीनं त्या बाबतीत खोटं लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारा बादली आणि खरवडायची पत्री घेऊन सरळ घरात शिरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटकुळा, कोपरापर्यंत पांढरा. तो मालकीणबाईंचा थोरला दीर, आणि त्या भागातला जुना गवंडी. जन्मभर चुन्याचं काम केलेला.

"भिंत खरवडायला आलोय," तो म्हणाला.

"कुणी बोलावलं?"

"भिंतीनं."

मागच्या खोलीची, म्हणजे जिथं आम्ही झोपायचो त्या खोलीची, समुद्राकडची भिंत कमरेपर्यंत खराब होती. मिठाचा लोणा लागला होता. हात फिरवला की पांढरी भुकटी पडायची, चुन्याच्या पापड्या सुटल्या होत्या. मी ती पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि मनातल्या मनात त्या गवंड्याला नापास केलं होतं.

"दरवर्षी खरवडता?" मी विचारलं. "म्हणजे दरवर्षी पडतो तुमचा गिलावा?"

"दोन-तीन वर्षांनी पडतो ना. खालचा. खरवडायचा, नवा द्यायचा."

"आमच्याकडे गिलावा लावला की माणूस मरेपर्यंत टिकतो."

"कुठला माणूस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

हिनं पदर तोंडाला लावला. मला राग आला. मी त्याला सांगितलं की मीही गवंडी आहे, चाळीस वर्षांचा, चौदा-चौदा मजले उभे केलेत, आणि ही भिंत मी अशी करून दाखवीन की पुन्हा पत्री लागायची नाही.

"ही भिंत?" त्यानं तळहात भिंतीवर ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. "हिला घाम येतो. येऊ द्यावा लागतो." मग बादली उचलली आणि जाता जाता हिला म्हणाला, "पोरी, खाट जरा अलीकडे घे." एकसष्टाव्या वर्षी कुणी पोरी म्हटलं म्हणून ही दिवसभर खुशीत होती.

मी दुसऱ्याच दिवशी बाजारात गेलो. दुकानातल्या सगळ्या पाट्या त्यांच्या लिपीत, मला एक अक्षर लागेना. उतारवयात पुन्हा अंगठेबहाद्दर झालो होतो. आणि तेवढ्यात कोपऱ्यात एक पोतं दिसलं, आपल्या अक्षरांतलं. आपल्याकडूनच आलेलं. सिमेंटमध्ये मिसळायची पूड. वर ठळक छापलं होतं, 'ओल कायमची बंद'. मी ते तिथंच मोठ्यानं वाचलं. घरी आणून हिला वाचून दाखवलं. परक्या मुलखात सख्खा भाऊ भेटावा तसं मला झालं होतं.

त्या भिंतीवर मी आठ दिवस राबलो. खांद्यापर्यंतचा जुना चुना सगळा उतरवला, सिमेंटचे दोन थर दिले, ओळंबा लावून, पाटा फिरवून, वरून घोटून घोटून काच केली. माझ्या आयुष्यात मी इतका सरळ गिलावा केला नाही. आपल्याकडे मुकादम मागे उभा असायचा, उरका उरका म्हणून. इथं कुणी नव्हतं, होता तो नुसता माझा ताठा. शेवटी खालच्या कोपऱ्यात खिळ्यानं माझं नाव लिहिलं आणि तारीख घातली. इमारतीवर कुणी गवंड्याचं नाव लिहू देत नाही. ती हौस मी तिथं भागवली.

गल्ली बघायला आली. न्हाव्यानं भिंतीत स्वतःचा चेहरा दिसतो का ते पाहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडेवाले, दवाखान्याच्या ऑपरेशनच्या खोलीसारखी झाली हो भिंत." म्हातारा गवंडी दारातून एकदा डोकावला आणि गेला. मी हिला म्हणालो, "जळला."

पंधरा दिवस भिंत कोरडी ठणठणीत होती. मग सिमेंट जिथं संपत होतं त्याच्या वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक डाग दिसला. मी म्हटलं, स्वयंपाकाची वाफ असेल. चार दिवसांत डाग छताकडे निघाला. आठ दिवसांत आडव्या भिंतीला वळून पुढच्या खोलीत आला. खाली माझं सिमेंट तसंच चकचकीत. त्याच्या पाठीमागे पाणी वाट शोधत शोधत वर चढत होतं, आणि जिथं चुना सापडेल तिथून बाहेर पडत होतं. आधी ओल कमरेखाली होती. आता ती आमच्या उशाशी आली. कपाटातल्या लुगड्यांना वास सुटला.

हिचा खोकला परत आला. पहाटे तीनला उठून बसायची, भिंतीकडे पाठ करून. मी काय केलं? कपाट सरकवून डागापुढे आणलं. उरलेल्या डागावर दिनदर्शिका टांगली. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या इमारतींचे असले डाग बघून त्यांच्या गवंड्यांना शिव्या घालत आलो होतो.

लेक दर रविवारी फोन करायची.

"आईचा खोकला?"

"समुद्राच्या हवेनं छाती मोकळी होतेय," मी सांगायचो. "मोकळी होताना थोडा खोकला येतोच."

"बाबा, मला इथं ऐकू येतोय तो."

"म्हणजे बघ, किती मोकळी होतेय."

आठव्या आठवड्यात मालकीणबाईच हिला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी मागे मागे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

"छे छे," मी म्हणालो.

"आहे," ही म्हणाली. श्वास घेतला आणि पुढे म्हणाली, "यांनी केलीय."

परत येताना ती चढावर तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार आठवडे राहिलेत लेकीला यायला. मला त्या पडद्यामागे घालवणार तुम्ही. भिंतीवरच्या तुमच्या त्या नावापायी." आम्ही दारापाशी आलो. तिनं कडी काढली आणि आत न जाता उंबऱ्यावरच बसून राहिली.

मी म्हाताऱ्या गवंड्याकडे गेलो. बर्फाच्या कारखान्यामागे त्याचं अंगण होतं. जमिनीत दोन हौद, त्यात विरवलेला चुना पाण्याखाली मुरत पडलेला, लोण्यासारखा. तो तिथं बसून काठीनं ढवळत होता.

"या," तो म्हणाला. "डाग कुठवर आला?"

"छतापर्यंत."

"पुढच्या खोलीत?"

"वळलाय."

"मग लवकर आलात. मी म्हटलं, अजून दोन आठवडे घ्याल."

मी खाली बसलो. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा माणूस, त्याच्यापुढे मान खाली घालायला खरं म्हणजे काही लागत नाही. मी मात्र आधी हौदातला चुना दोन बोटांत घेऊन चोळून बघितला. मी विचारलं, "असं का झालं, ते सांगा."

त्यानं मुलाला सांगावं तसं सांगितलं. ती भिंत मऊ, भोकाभोकांच्या दगडाची. समुद्राचं मीठ तिच्यात मुरलेलंच आहे, शंभर वर्षांचं. ते बाहेर येणारच. चुना मऊ असतो, तो ते मीठ अंगावर घेतो आणि दोन-तीन वर्षांत फुटून पडतो. दगड वाचतो, खोली कोरडी राहते. "तो गिलावा टिकण्यासाठी नसतो रे," तो म्हणाला. बोलता बोलता मला अरे-तुरे करू लागला होता. "तो मरण्यासाठीच लावायचा. तुझा मरेना, म्हणून खोली मरायला लागली."

"मग आता?"

"आता तोड."

"तुम्ही तोडाल?"

"मी? मी चुनेवाला माणूस. ते सिमेंट तुझं, हात तुझे."

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. जन्मभर लोकांना सिमेंट लावलंत, आता चुना लावा." तेवढ्यावर ती हसली आणि हसताना खोकली. मालकीणबाईंनी तिची खाट त्याच दिवशी वर नेली. धुळीत ठेवणं शक्यच नव्हतं.

छिन्नी-हातोडा घेऊन मी बसलो. म्हटलं, दोन दिवसांचं काम. सहा दिवस लागले. असा पक्का गिलावा केला होता मी! प्रत्येक घावाला मनात येई, कुठल्या गाढवानं हे केलंय. आणि प्रत्येक घावाला त्याचं उत्तर खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, तारखेसह. काही ठिकाणी सिमेंटबरोबर दगडाचा पापुद्रा सुटून आला. गल्लीतली माणसं येता-जाता डोकवायची. न्हावी म्हणाला, "आमच्याकडेवाले, तुमच्याकडे लावून झालं की तोडतात का?" मी म्हटलं, "हो. पद्धत आहे."

मग म्हातारा आला, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता हिला पंधरा दिवस उघडी पडू दे. घाम जाऊ दे."

"पंधरा दिवस? माझी लेक येतेय!"

"भिंतीला तुझी लेक ठाऊक नाही."

पंधरा दिवस आम्ही खिडक्या उघड्या टाकून बसलो. रोज सकाळी भिंतीवर मिठाची साय यायची, ती मी कोरड्या कुंच्यानं झाडून बाहेर नेऊन टाकायचो. मग पहिला थर. म्हाताऱ्यानं मला थापी दिली नाही. चुना मळायला बसवलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी बिगारी झालो. "अजून मळ," तो म्हणायचा. "अजून. तुझ्या बायकोनं वीस वर्षं मळलं तेव्हा दमली नाही, तू तासाभरात दमलास?" ही वरून, मालकीणबाईंच्या खिडकीतून, मान बाहेर काढून बघत असायची. तिचा खोकला वरच्या कोरड्या खोलीत थोडा बसला होता. सांगायचं तर, माझ्यापासून एक मजला वर गेल्यावर.

ठरल्या दिवशी लेक आली. टॅक्सीतून उतरली, हिरवं दार उघडंच होतं, आत आली. मागच्या खोलीची एक भिंत खांद्यापर्यंत उघडी, दगड दिसणारी, खाली ओला चुना. फरशीवर गोणपाटं. आईची खाट नाही. आणि बाप पायांपासून डोक्यापर्यंत पांढरा, चुन्याच्या ढिगात गुडघे रोवून बसलेला.

"आई कुठंय?" हा तिचा पहिला शब्द. भीतीनं तिचा आवाज फाटला होता.

"वर आहे गं, वर," मालकीणबाई जिन्यावरून ओरडल्या. "धडधाकट आहे."

ही खाली आली. जिना उतरताना धाप लागली, आणि नेमका खोकला आला. चांगला लांबलचक. लेकीनं तिला धरलं, पाठीवर हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"बघितलं? महिनाभर मी ऐकतेय. ही हवाच बाधलीय तिला. खारट, दमट. मी तेव्हाच म्हटलं होतं. आई, बॅग भर. परवाची तिकिटं आहेत."

ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि माझ्याकडे बघितलं. तिला सांगता आलं असतं. दवाखान्यात सांगितलंच होतं तिनं, परक्या डॉक्टरीणबाईंपुढे. पण लेकीपुढे नाही सांगितलं. त्याचं कारण मला माहीत होतं. लेक लहान असताना शाळेच्या वाटेवर बोट दाखवत चालायची. ही इमारत माझ्या बाबांनी बांधली, ती पण, ती पण. निम्म्या मी बांधलेल्याच नव्हत्या. मी कधी दुरुस्त केलं नाही, आणि हिनंही केलं नाही.

मी उठलो. हात धोतराला पुसायला गेलो, तर धोतरही चुन्याचंच.

"हवा नाही बाधली," मी म्हणालो. "हवेनं ती तीन आठवडे झोपली होती. मी बाधलोय."

"म्हणजे?"

"या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, भिंत खरवडतो म्हणून. मी हाकलून दिलं. सिमेंट लावलं. चाळीस वर्षांचा अनुभव लावला. ओल वर चढली, तुझ्या आईच्या उशाशी आली. मी पुढं कपाट लावलं. तुला फोनवर खोटं बोललो. दर रविवारी."

लेक मग म्हाताऱ्या गवंड्याकडे वळली. तो कोपऱ्यात थापी धुवत होता.

"आजोबा, खरं सांगतायत हे?"

"काम अप्रतिम होतं," म्हातारा म्हणाला. "इतका सरळ हात मी माझ्या उभ्या जन्मात पाहिला नाही. जरा वाईट असता तर थोडी तरी ओल बाहेर आली असती."

मालकीणबाईंना आधी हसू फुटलं. मग हिला. लेक हसली नाही. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नाही असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हणालो.

ती ओल्या भिंतीपाशी गेली, त्या म्हाताऱ्यासारखाच तळहात ठेवला, आणि हात पांढरा करून घेतला. मग आईपुढे पायरीवर बसली.

"तुला काय पाहिजे, आई? खरं सांग. माझ्यासाठी म्हणून नको."

"मला इथं राहायचंय," ही म्हणाली. "भिंत वाळेपर्यंत वर राहीन. खोकला कमी नाही झाला तर तू म्हणशील तेव्हा येईन. पण यांच्या मूर्खपणापायी मला इथून नेऊ नकोस. तेवढ्यासाठी न्यायचं झालं असतं तर तीस वर्षांपूर्वीच कुणीतरी न्यायला हवं होतं."

लेकीनं तिकिटं पुढे ढकलली, बारा दिवसांनी. ते बारा दिवस ती वरच्या खोलीत आईशेजारी झोपली, आणि सकाळी उठून मला सांगायची, आज दोनदा, आज एकदा, आज नाही. दिवसा ती माझ्याबरोबर चुना मळायला बसायची. म्हाताऱ्यानं तिला तिसऱ्या दिवशी थापी दिली. मला सहाव्या आठवड्यात दिली, तीही मोरीच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही. तेराव्या दिवशी लेक एकटीच परत गेली. दुसरं तिकीट तिनं फाडलं नाही, पर्समध्ये ठेवलं. "वापरीन," ती मला म्हणाली. "तुम्ही पुन्हा सिमेंटच्या दुकानात दिसलात की."

खोकला पूर्ण कधीच गेला नाही. ओल्या महिन्यांत दोन-तीन आठवडे तो यायचा. पण ती चढ न थांबता चढू लागली, आणि बर्फाच्या कारखान्याजवळच्या बायकांत बसून दुपार काढू लागली. दर दोन वर्षांनी खालचा गिलावा मी आणि म्हातारा मिळून खरवडायचो. गल्लीनं माझं नाव काही बदललं नाही. परवान्याच्या कचेरीतल्या त्या कारकुनानं एकदा कागदावरच लिहून टाकलं होतं, मग खोडून खरं नाव लिहिलं.

म्हातारा गवंडी आमच्या पाचव्या वर्षी वारला, ब्याऐंशी उलटल्यावर, ज्या महिन्यात लेकीला मुलगी झाली त्या महिन्यात. ही त्यानंतर चार वर्षांनी गेली, नात शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, तिथल्याच सरकारी दवाखान्यात. दमा नव्हता, हृदय थांबलं. वय सत्तर होतं.